सौर पथदिवा किती वॅटचा घ्यावा? रस्त्यापासून मागे मोजत जाण्याची पद्धत

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यातली. डांबरी रस्त्यावरून शाळेकडे आणि शाळेवरून खाली साकवापर्यंत उतरणारी साडेचार मीटर रुंदीची वाट आहे. वाडीने आणि मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढून या वाटेवर नऊ सौर दिवे लावले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '२०० वॅट' छापलेलं होतं. फेब्रुवारीत दिवे लागले तेव्हा सगळे खूश होते. जुलैत झड लागली आणि रात्री नऊ वाजले की एकेक दिवा विझू लागला. उजेडाची गरज सगळ्यात जास्त असते ती नेमकी याच दिवसांत. ओल्या पाचोळ्यात फुरसं दिसत नाही, साकवावर पाणी किती चढलंय ते लांबून कळावं लागतं, आणि पुढे गणपतीत चाकरमानी रात्री-अपरात्री गाडीतून उतरून पोराबाळांसह याच वाटेने घरी येतात.

त्यातला एक दिवा मी खाली उतरवून पडवीत उघडला. आत ३.२ व्होल्ट, ६ एएचचे (एएच म्हणजे अँपिअर-तास, किती करंट किती तास मिळतो त्याचं माप) सहा सेल होते, सगळे समांतर जोडलेले. वरचं पॅनेल टेपने मोजलं तर ४५ सेंटिमीटर बाय ३५ सेंटिमीटर. अंधार पडल्यावर बॅटरीच्या वायरीला टाँग टेस्टर (वायर न तोडता करंट मोजणारं चिमट्यासारखं यंत्र) लावला. सुरुवातीला ४.१ अँपिअर, अर्ध्या तासाने १.३ अँपिअर. व्होल्टेज सव्वातीन. म्हणजे तो दिवा पहिला अर्धा तास १३ वॅटचा आणि उरलेली रात्र जेमतेम सव्वाचार वॅटचा होता.

तेव्हापासून आजूबाजूच्या वाड्यांत कुणी दिवे घ्यायचे म्हटलं की मी टेप, मल्टिमीटर आणि वही घेऊन जातो. पुढे जे लिहिलंय ते त्याच वहीतलं आहे. हिशेब सातवी-आठवीच्या गणिताचा आहे, फक्त तो उलट्या बाजूने सुरू करायचा असतो. दुकानातल्या दिव्यापासून सुरू करू नका, रस्त्यावर पडणाऱ्या उजेडापासून सुरू करा.

खोक्यावरचा आकडा कसा तपासायचा

२०० वॅटचा दिवा १२ तास जळला तर २४०० वॅट-तास वीज लागते. पावसाळ्यातल्या उन्हावर रोज एवढी वीज मिळवायची तर एक हजार वॅटच्या वर पॅनेल लागेल, म्हणजे घराच्या छपरावर बसवतात तसली पुरुषभर उंचीपेक्षा लांब दोन पॅनेलं. हाताच्या पंजांनी मोजता येईल एवढ्या पॅनेलवर २०० वॅटचा दिवा रात्रभर जळणं शक्यच नाही. कुठल्याही कंपनीचा असो.

मग हा आकडा येतो कुठून? कुणी आत बसवलेल्या एलईडी चिप मोजून प्रत्येकी एक वॅट धरतो, कुणी 'जुन्या बल्बच्या इतक्या वॅटएवढा उजेड' या अर्थाने छापतो. कसाही आला तरी त्याचा तुमच्या रस्त्याशी संबंध नाही.

पॅनेलची मर्यादा टेपने कळते. कडक उन्हात एक चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते आणि चांगलं मोनो पॅनेल त्यातली २० टक्क्यांच्या आसपास विजेत बदलतं. लहान पॅनेलमध्ये सेलच्या मधली जागा आणि चौकट यात काही जातं, म्हणून चौरस मीटरला १८० वॅट धरा. आमचं पॅनेल ०.४५ गुणिले ०.३५, म्हणजे ०.१५७५ चौरस मीटर. गुणिले १८०, झाले २८ वॅट. दुकानात उभ्याउभ्या हा हिशेब करता येतो आणि खोटा माल निम्म्याहून जास्त इथेच बाजूला पडतो.

तुलनेला एक खरं माप सांगतो. केंद्र सरकारच्या अटल ज्योती योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जो पथदिवा ठरवला होता त्यात एलईडी १२ वॅटचा, पॅनेल ७५ वॅटचं आणि बॅटरी १२.८ व्होल्ट, ३० एएचची लिथियम फेरो फॉस्फेट (लिथियम बॅटरीचा एक प्रकार). बारा वॅटच्या दिव्याला पंचाहत्तर वॅटचं पॅनेल! हे प्रमाण डोक्यात बसवा. दिव्याच्या पाच-सहा पट पॅनेल दिसलं नाही तर तो दिवा आपल्या पावसाळ्यासाठी नाही, असं खुशाल समजा.

पायरी १: रस्ता मोजा

वहीत चार गोष्टी लिहा: रस्त्याची रुंदी, खांबांमधलं अंतर, खांबाची उंची, आणि वरती झाडाची किंवा इमारतीची सावली कुठून कुठपर्यंत फिरते. सावली सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला स्वतः जाऊन बघा. आंब्याखाली किंवा चिंचेखाली खांब नको. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी सगळ्या पॅनेलची वीज बरीच खाली येते, कारण आतले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात आणि अडलेला एक सेल बाकीच्यांनाही अडवतो.

खांबाची उंची साधारण रस्त्याच्या रुंदीएवढी किंवा थोडी जास्त असावी आणि दोन खांबांमधलं अंतर उंचीच्या तीन ते साडेतीन पट. सहा मीटरचा खांब असेल तर १८ ते २१ मीटर. पैसे वाचवायला म्हणून चाळीस-पन्नास मीटरवर एक दिवा लावतात, तिथे दिव्याखाली लख्ख आणि मध्ये काळाकुट्ट पट्टा तयार होतो. उजेडातून त्या पट्ट्यात शिरताना डोळ्यांना काहीच दिसत नाही. एकही दिवा नसता तर डोळे अंधाराला सरावले तरी असते. बजेट कमी असेल तर सगळ्या वाटेवर विरळ दिवे लावण्यापेक्षा वळण, साकव, विहीर, शाळा आणि एसटीचा थांबा हे तुकडे धरून तिथे नीट अंतरावर लावा.

आता उजेड किती हवा? भारतीय मानक आयएस १९४४ मध्ये रस्त्यांचे गट पाडलेले आहेत. मोठ्या रहदारीच्या मुख्य रस्त्याला सरासरी ३० लक्स (जमिनीवर पडणाऱ्या उजेडाचं माप), त्याखालच्या मुख्य रस्त्याला १५, बऱ्यापैकी रहदारीच्या दुय्यम रस्त्याला ८ आणि तुरळक रहदारीच्या दुय्यम रस्त्याला ४ लक्स. गावठाणातल्या, वाडीतल्या वाटा या शेवटच्या गटात येतात. शिवाय दुय्यम रस्त्यांवर सगळ्यात अंधाऱ्या जागेचा उजेड सरासरीच्या ०.३ पटीपेक्षा कमी नको, असंही तिथे सांगितलंय. माझ्या मते वाडीसाठी ही दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. चार लक्स कमी वाटत असतील तर एवढं लक्षात घ्या की पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो, आणि त्यातही आपण पायवाट धरून चालतो.

पायरी २: लक्सवरून ल्युमेन, ल्युमेनवरून वॅट

ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप, आणि लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडलेले ल्युमेन. आमच्या वाटेसाठी मी ५ लक्स धरले. दोन खांबांमधला तुकडा ४.५ गुणिले २०, म्हणजे ९० चौरस मीटर. तेव्हा जमिनीवर ४५० ल्युमेन पोचायला हवेत.

पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड वाटेवर पडत नाही. बराचसा कुंपणावर, परसात, शेतात जातो. अरुंद वाटेवर ३५ टक्केच कामी येतो असं धरा. वर धूळ, किडे आणि एलईडीचं वय यासाठी आणखी ०.७ ने गुणा. ०.३५ गुणिले ०.७, झाले ०.२४५. आता ४५० भागिले ०.२४५, म्हणजे सुमारे १८४० ल्युमेन. हा दिव्याचा खरा आकडा. टेंडरमध्ये किंवा कोटेशन मागताना वॅटच्या आधी हा लिहा.

चांगला एलईडी पथदिवा एका वॅटला ११० ते १५० ल्युमेन देतो. १२० धरले तर १८४० भागिले १२०, म्हणजे १५ वॅट. बस्स. साडेचार मीटरच्या वाटेला, वीस मीटरवर खांब असताना, प्रामाणिक १५ वॅट पुरतात. ताडून बघायचं तर सरकारी १२ वॅटचा दिवा याच हिशेबाने जवळपास ३.९ लक्स देतो, म्हणजे शेवटच्या गटाचे चार लक्स. आणि आमचा 'दोनशे वॅट'वाला? पहिला अर्धा तास सोडला तर जेमतेम १.४ लक्स.

रस्ता सहा-सात मीटरचा असेल आणि वाहनं असतील तर हाच हिशेब ८ लक्सने करा, ३० वॅटच्या वर आकडा जाईल. रुंद रस्त्यावर उजेड वाया कमी जातो, म्हणून तिथे ०.३५ ऐवजी ०.४ ते ०.४५ धरायला हरकत नाही.

रंगाबद्दल थोडं. पांढराफेक, निळसर उजेड जास्त वाटतो पण किडेही जास्त ओढतो, आणि पावसाळ्यात दिव्याखाली किड्यांचा खच पडला की बेडूक येतात, बेडकांमागे साप. मी ४००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर) किंवा त्याहून पिवळसर दिवा मागतो.

पायरी ३: एका रात्रीला किती वीज

१५ वॅट रात्रभर पूर्ण जाळायची गरज नसते. वाडीत रात्री अकरानंतर वाटेवर कुणी नसतं, पहाटे पाचला दुधाचे कॅन आणि पहिली एसटी सुरू होते. म्हणून कंट्रोलरमध्ये (बॅटरी भरणं आणि दिवा चालू-बंद करणं सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) संध्याकाळी चार तास पूर्ण, मधले सहा तास निम्मा आणि पहाटे दोन तास पूर्ण, असं वेळापत्रक लावतो. पूर्ण ६ तास गुणिले १५ म्हणजे ९०, निम्मे ६ तास गुणिले साडेसात म्हणजे ४५. एकूण १३५ वॅट-तास. आपल्याकडे जुलैची रात्र अकरा तासांच्या आसपास आणि डिसेंबरची तेराच्या आसपास असते. पावसाळी ढगांमुळे लवकर अंधारतं, म्हणून बारा धरलेले बरे.

माणूस आल्यावरच प्रखर होणारे सेन्सरवाले दिवे मिळतात. कागदावर वीज वाचते, पण पावसात हलणारी फांदी, कुत्रं, वटवाघूळ यांनी तो सेन्सर किती वेळा चाळवेल याचा हिशेब मांडता येत नाही. मी त्यावर विसंबून बॅटरी लहान करत नाही.

पायरी ४: पॅनेल, आणि आषाढातलं ऊन

इथे बहुतेक जण चुकतात. महाराष्ट्राचं वर्षभराचं सरासरी ऊन रोज पाच-साडेपाच तासांच्या भर उन्हाएवढं असतं. विक्रेता हाच आकडा धरतो. पण दिवा सरासरी महिन्यात विझत नाही, तो आषाढ-श्रावणात विझतो. युरोपातल्या माहितीपत्रकांत डिसेंबर हा सगळ्यात वाईट महिना असतो. आपल्याकडे डिसेंबर स्वच्छ उन्हाचा असतो आणि वाईट असतात जुलै-ऑगस्ट. मी देशावर या महिन्यांसाठी ४ तास धरतो, कोकणात आणि घाटमाथ्यावर ३. हे मुद्दाम हात राखून धरलेले आकडे आहेत.

पॅनेलवर लिहिलेले वॅट पूर्ण मिळत नाहीत. धूळ, वायर, बॅटरीत साठवताना होणारी घट, आणि पॅनेल तापलं की दर अंशाला जाणारे ०.४ टक्के. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून मिळेल तेवढी जास्तीत जास्त वीज काढणारा) असेल तर हातात ७० टक्के पडतात असं समजा. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली खेचतो, १८ व्होल्टला वीज देऊ शकणारं पॅनेल १३ वर काम करतं, म्हणून तिथे ६० टक्केच धरा.

कोकणातला हिशेब: १३५ भागिले (३ गुणिले ०.७), म्हणजे ६४ वॅट. पण एवढ्यात फक्त त्या दिवसाची वीज त्या दिवशी भरून निघते. चार दिवसांच्या झडीत रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायला वरचढ काहीतरी हवं, म्हणून सव्वापट करा: ८० वॅट. बाजारात जवळचं माप घेताना वरचं घ्या, १०० वॅट. देशावर हाच हिशेब ४ तासांनी केला तर ६० वॅट येतात, तिथे ७५ वॅटचं पॅनेल छान चालतं. तोच दिवा, तीच बॅटरी, पण सोलापूरला पुरणारं पॅनेल संगमेश्वरला पुरत नाही.

पॅनेलचा कोन हा माझ्या मनाला लागलेला विषय आहे. तयार ब्रॅकेट बऱ्याचदा तीस-पस्तीस अंशांचे येतात आणि मिस्त्री तसेच ठोकतो. शून्य सावलीचा दिवस आठवा. मेच्या मध्यात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे जातो आणि जुलै संपता संपता परततो. म्हणजे जुलैत भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो आणि आपलं पॅनेल दक्षिणेकडे तिरपं करून ठेवलेलं! शिवाय ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आभाळातून येतो, जितकं पॅनेल आडवं तितकं जास्त आभाळ त्याला दिसतं. दक्षिणेला तोंड करून १२ ते १५ अंश पुरे. पावसाने धूळ वाहून जायला एवढा उतार लागतोच, त्याहून आडवं ठेवलं तर कोकणात कडेला शेवाळ धरतं.

पॅनेल, बॅटरी, दिवा सगळं एकात असलेल्या दिव्यांची अडचण इथेच आहे. दिवा रस्त्याकडे वळवला की पॅनेलही तिकडेच वळतं. खांब रस्त्याच्या उत्तर कडेला असेल आणि दिव्याचा हात वर उचललेला असेल, तर पॅनेल उत्तरेकडे तोंड करून बसतं. जुलैत चालतं, हिवाळ्यात मार खातं. शक्य असेल तिथे पॅनेल वेगळं असलेला दिवाच घ्या.

पायरी ५: बॅटरीचे एएच बघू नका

आमच्या दिव्यातले सहा सेल मिळून ३६ एएच होत होते. सरकारी दिव्याची बॅटरी ३० एएचची. मग आमची मोठी? एएचला व्होल्टने गुणा. ३६ गुणिले ३.२, झाले ११५ वॅट-तास. ३० गुणिले १२.८, झाले ३८४. तिपटीहून जास्त फरक, आणि खोक्यावर मात्र लहान बॅटरीचा आकडा मोठा! कोटेशनमध्ये वॅट-तासच लिहून मागा.

बॅटरीला तीन रात्री उन्हाशिवाय निभावता आल्या पाहिजेत. १३५ गुणिले ३, म्हणजे ४०५. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी रोजच्या वापरात ८० टक्क्यांपर्यंतच रिकामी करावी, म्हणून ४०५ भागिले ०.८, म्हणजे ५०६ वॅट-तास. १२.८ व्होल्ट, ४० एएच घेतली की ५१२ होतात. लेड अॅसिड घ्यायची तर ५० टक्केच वापरता येते, म्हणजे ८१० वॅट-तासांची जड बॅटरी, खाली पेटीत ठेवायची, पाणी घालायचं आणि चोरीची भीती वेगळी. आज ती घेण्यात अर्थ नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी एक जास्तीची काळजी घ्या. बहुतेक लिथियम फेरो फॉस्फेट सेलना चार्जिंगसाठी ४५ ते ५५ अंशांची मर्यादा असते. चंद्रपूरच्या मे महिन्यात पॅनेलच्या पाठीला चिकटवलेली बॅटरी ती सहज ओलांडते. पॅनेल आणि बॅटरीच्या पेटीत हवा खेळायला चार बोटं जागा असलीच पाहिजे.

पायरी ६: एक नमुना मागवा आणि मोजा

ऑर्डर देण्याआधी एक दिवा पैसे देऊन विकत घ्या. फुकटचा नमुना नको, तो वेगळा निवडून पाठवलेला असू शकतो. मग हे तीन मोजा.

पहिलं, दिव्याचे खरे वॅट. बॅटरीतून कंट्रोलरकडे जाणारी एकच वायर टाँग टेस्टरच्या जबड्यात धरा. टेस्टर डीसी मोजणारा हवा. घरच्या वायरिंगवाल्याकडचा साधा टेस्टर बहुधा फक्त एसी मोजतो, इथे तो शून्य दाखवेल. पॅनेलवर गोणपाट टाकलं की कंट्रोलरला रात्र झाली असं वाटतं आणि दिवा लागतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. पहिल्या मिनिटाला मोजा, अर्ध्या तासाने मोजा, दोन तासांनी मोजा. १५ वॅटच्या दिव्याला १२.९ व्होल्टवर सुमारे १.१६ अँपिअर दिसायला हवेत आणि ठरलेल्या वेळेपर्यंत तसेच राहायला हवेत. अर्ध्या तासात आकडा घसरला तर दुकानदार 'स्मार्ट मोड' म्हणेल. तुमच्या वेळापत्रकात तो मोड नव्हता.

दुसरं, बॅटरी. दोन दिवस कडक उन्हात भरू द्या. मग पॅनेल झाकून दिवा चालू ठेवा आणि तो आपोआप बंद होईपर्यंत दर तासाला व्होल्ट आणि अँपिअर लिहा. त्यांचा गुणाकार करून बेरीज घेतली की वॅट-तास मिळतात. ऑनलाइन डीसी वॅट मीटर मिळतो, तो बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये जोडला की ही बेरीज तोच करतो आणि रात्रभर जागावं लागत नाही. सांगितलेल्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी आली तर दिवा परत. जुने, वापरलेले सेल नव्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकले जातात, आणि ते दुसऱ्या कशाने सहज कळत नाही.

तिसरं, पॅनेल. निरभ्र दिवशी बारा ते एकच्या दरम्यान पॅनेल बरोबर सूर्याकडे वळवा. वायर दिव्यापासून सोडवून आधी मोकळं व्होल्टेज बघा, ३६ सेलच्या पॅनेलला २१-२२ व्होल्ट यायला हवेत, तापलेलं असेल तर थोडे कमी. मग मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून, पॅनेलच्या दोन टोकांमध्ये काही सेकंद लावून शॉर्ट सर्किट करंट मोजा. १०० वॅटच्या पॅनेलच्या मागच्या लेबलवर तो सहाच्या आसपास लिहिलेला असतो, स्वच्छ उन्हात त्याच्या ८५-९० टक्के तरी दिसावा. साडेतीन दिसला तर लेबल खोटं आहे.

या मोजणीत एक धोका आहे, तो नीट वाचा. करंट मोजून झाल्यावर लाल पिन लगेच व्होल्टेजच्या भोकात परत घाला. ती अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीचे व्होल्ट बघायला गेलात, तर बॅटरी सरळ शॉर्ट होते. लिथियमची लहानशी बॅटरीसुद्धा क्षणात एवढा करंट सोडते की पिन वितळते आणि हात भाजतो. मी पोरांना शिकवतो तेव्हा पिन काढायची, बदलायची आणि मोठ्याने 'व्होल्ट' म्हणायचं, मगच पुढचं.

कागदांमध्ये दिव्याचा एलएम-७९ चाचणी अहवाल मागा, त्यात प्रयोगशाळेत मोजलेले ल्युमेन आणि वॅट असतात. अहवालावरचा मॉडेल क्रमांक आणि दिव्यावरचा क्रमांक एकच आहे का ते बघायला विसरू नका. धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण आयपी ६५ किंवा ६६. बॅटरीची वॉरंटी पाच वर्षांची लेखी, आणि त्यात किती टक्के क्षमता उरली पाहिजे तेही लिहून घ्या.

पायरी ७: खांब लागल्यावर, रात्री

फक्कीने दोन खांबांमधल्या वाटेवर खुणा करा. लांबीत पाच जागा, रुंदीत तीन: दोन्ही कडा आणि मध्य. पंधरा खुणा झाल्या. लक्स मीटर ०.१ लक्सपर्यंत दाखवणारा हवा. मोबाइलच्या अॅपवर जाऊ नका, एवढ्या मंद उजेडात ती फोनाफोनाला वेगळं सांगतात. आजूबाजूच्या घरांचे ओट्यावरचे दिवे पाच मिनिटं बंद करायला सांगा. दिवे लागून अर्धा तास झाल्यावर, सेन्सर जमिनीवर सपाट ठेवून, आपली सावली पडणार नाही असे बाजूला सरकून प्रत्येक खुणेवर आकडा घ्या.

बेरीज भागिले पंधरा ही सरासरी. नव्या, स्वच्छ दिव्याची सरासरी आपल्या ५ लक्सपेक्षा जास्त, सात-सव्वासातच्या आसपास यायला हवी, कारण धुळीसाठी आणि वयासाठी आपण आधीच ०.७ धरलेत. सगळ्यात लहान आकडा सरासरीच्या ०.३ पटीपेक्षा कमी असेल तर आधी दिव्याचा कोन बदलून बघा. बऱ्याचदा हात जास्त उचललेला असतो आणि उजेड समोरच्या घराच्या खिडकीत जात असतो.

आमच्या वाटेवर पुन्हा दिवे लावले तेव्हा साकवाजवळच्या तीन खुणांवर १.४, १.१ आणि १.६ आले, बाकीकडे सहाच्या वर. खांब वळणाच्या आतल्या बाजूला होता आणि दरडीची कड उजेड अडवत होती. खांब चार मीटर सरकवला, त्याच खुणांवर साडेतीनच्या वर आकडे गेले. वॅट एकही वाढवावा लागला नाही.

मेच्या अखेरीस, पाऊस पडायच्या आधी पॅनेलं धुऊन घ्या. जांभ्याची लाल धूळ सुकलेली असते, नुसत्या पाण्याने जात नाही, ओल्या फडक्याने पुसावी लागते. त्याच दिवशी प्रत्येक खांबावर रात्रीचे वॅट मोजा आणि खांबाच्या क्रमांकापुढे वहीत तारखेसह लिहा. आमच्या वहीत पाच नंबरच्या खांबापुढे पहिल्या वर्षी १५.१ आहे, दुसऱ्या वर्षी १४.९. सात नंबर १५.० वरून ११.२ वर आला होता. उघडून बघितला तर कनेक्टरला हिरवा गंज चढलेला. साफ केला, व्हॅसलीन लावून बंद केला, आणि रात्री पुन्हा १४.८ लिहिले.